माशांच्या रोगांवर संशोधन करण्यासारखं अजून काय उरलंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. झालंय, मत्स्यशेतीतल्या संसर्गजन्य रोगांवर पीएच.डी. करायची संधी चालून आलीय, पण सोबतचे म्हणतात, ‘मासे मेले, पीसीआर (जंतूचा जनुकीय माल शोधणारी टेस्ट) केला, जंतू सापडला, औषध दिलं, संपलं. यात संशोधन कसलं?’ तर या विषयात खरंच काही दम आहे का?

मी याच क्षेत्रात आहे, तेव्हा माझं मत थोडं एकतर्फी धरूनच वाचा. सोबतच्यांचं निम्मं बरोबर आहे. जंतू सापडणं आता सोपं झालंय. पण सापडलेल्या जंतूनेच रोग झाला हे दाखवणं सोपं झालेलं नाही. उलट पीसीआर हाताशी आल्यापासून ते जास्तच किचकट झालंय, कारण आता जिथे बघावं तिथे काही ना काही सापडतंच. माझ्या मते या विषयातलं खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्याच पाण्यात एरोमोनाससारखे जिवाणू बारमाही मुक्कामाला असतात. तळाच्या गाळात, निरोगी माशाच्या आतड्यात, कातडीवरच्या बुळबुळीत थरात, सगळीकडे. ऑक्सिजन घटला, अमोनिया वाढला, दाटी झाली किंवा जाळ्यात ओढताना खवले निघाले, की त्यांना आत शिरायला वाट मिळते. आणि मासा मेला की काही तासांत हीच मंडळी सगळ्या अवयवांत पसरतात. त्यामुळे सकाळी तरंगताना सापडलेल्या माशातून जिवाणू वाढवला तर रिपोर्टवर एक नाव येतं खरं, पण त्या नावावर फारसं काही ठरवता येत नाही. आम्हाला हवा असतो तो नुकता सुस्त झालेला, कडेला येऊन पृष्ठभागावर तोंड उघडझाप करणारा, अजून जिवंत असलेला मासा. हे मत्स्यपालकाला पटवणं हाही कामाचाच भाग. मरतूक सुरू झाली की तो बिचारा मेलेले मासे मोजत असतो, आणि आपण त्याला म्हणतो, ‘जिवंत पकडून द्या.’

तो मासा भुलीच्या औषधाचा जादा डोस देऊन मारायचा आणि लगेच कल्ल्याचं झाकण कापायचं. कल्ल्याच्या कमानीवरून नखाएवढाही नसेल असा तुकडा घ्यायचा, स्लाइडवर त्याच टाकीतल्या पाण्याच्या थेंबात ठेवायचा, वर कव्हरस्लिप. निरोगी कल्ल्याची पटलं मायक्रोस्कोपखाली कंगव्याच्या दातांसारखी सुटी सुटी दिसतात. आजारी माशात त्यांची टोकं जाड होऊन एकमेकांना चिकटलेली असतात, मधल्या फटी बुळबुळीत चिकटाने भरलेल्या असतात, आणि बऱ्याचदा त्या चिकटातून ट्रायकोडिना हा गोल, आत दातेरी कडं असलेला परजीवी गरगरत जाताना दिसतो. दोन मिनिटांचं काम आहे, पण पुढचे दोन आठवडे कुठे शोधायचं हे त्यावर ठरतं. मग पुढच्या मूत्रपिंडातून कल्चर घ्यायचं (माशाच्या हाडांत रक्त तयार करणारी मज्जा नसते, ते काम मूत्रपिंडाचा पुढचा भाग करतो) आणि बाकीचे अवयव फॉर्मलिनमध्ये टाकायचे. कल्ले सगळ्यात आधी, कारण ते मेल्यानंतर काही मिनिटांतच विरघळू लागतात, आणि मग पॅथॉलॉजिस्टला स्लाइडमध्ये रोग दिसतोय की कुजणं, हे तो देवही सांगू शकत नाही.

‘सापडला म्हणजे तोच’ या समजुतीने किती फसायला होतं त्याचं जुनं उदाहरण म्हणजे अंगावर खोल जखमा पडणारा रोग, ज्याला ईयूएस म्हणतात. १९७१ मध्ये जपानमध्ये त्याची नोंद झाली आणि पुढच्या दशकांत तो आशियाभर पसरला. जखमेतून स्वॅब घेतला की एरोमोनास हमखास मिळायचा, त्यामुळे बोट जिवाणूकडे. काही माशांतून विषाणू मिळाले, मग बोट तिकडे. मूळ कारण निघालं अफॅनोमायसीस इन्व्हाडन्स, बुरशीसारखा दिसणारा पण खरी बुरशी नसलेला जीव, ज्याचे तंतू थेट स्नायूंत घुसतात. जिवाणू येत होते ते नंतर, उघड्या जखमेवर. हे कळलं ते स्नायूचे काप रंगवून मायक्रोस्कोपखाली बघितल्यावर, आणि तो जीव वेगळा काढून निरोगी माशांत रोग उभा केल्यावर. एरवी अँटिबायोटिक ओतत बसण्याला अंतच नव्हता.

आता तुमच्या काळातलं उदाहरण घ्या. नॉर्वेमधल्या सॅमनमध्ये १९९९ मध्ये एक रोग दिसला. हृदयाला आणि तांबड्या स्नायूंना सूज, पिंजऱ्यातले मासे मलूल. त्याला एचएसएमआय म्हणतात. आजारी माशाच्या हृदयाचा अर्क निरोगी माशाला टोचला की रोग व्हायचा, म्हणजे संसर्ग आहे हे कळलं होतं. पण विषाणू काही हाती लागेना. विषाणू वाढवायला जिवंत पेशी लागतात. माशांच्या पेशींची पहिली कायम वाढत राहणारी सेल लाइन, आरटीजी-२, १९६२ मध्ये ट्राउटच्या जननग्रंथींपासून तयार झाली, आणि पुढचं बरंचसं मत्स्य-विषाणूशास्त्र तिच्या आणि तिच्या भावंडांच्या जिवावर उभं राहिलं. हा विषाणू मात्र त्यातल्या कशातच वाढत नव्हता. अखेर २०१० मध्ये सगळ्या जनुकीय मालाचं सरसकट सिक्वेन्सिंग (त्यातला अक्षरक्रम वाचणं) केल्यावर तो सापडला: पायसीन ऑर्थोरिओव्हायरस, पीआरव्ही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. तसं झालं नाही. पीसीआर टेस्ट तयार झाली आणि हा विषाणू ठणठणीत माशांतही ढिगाने सापडू लागला. मग कसलं कारण आणि कसलं काय? रोग कोणत्या जंतूमुळे झाला हे ठरवायच्या कॉखच्या कसोटीप्रमाणे जंतू शुद्ध स्वरूपात वाढवून टोचायला हवा, आणि इथे तर तो वाढतच नाही. यातून निघालेली वाट मला अजूनही फार आवडते. माशांच्या तांबड्या रक्तपेशींचं आपल्यासारखं नसतं, त्यांच्यात केंद्रक असतं, त्यामुळे विषाणूला तिथे कारखाना थाटता येतो. पीआरव्ही नेमका तिथेच बहरतो. संशोधकांनी संसर्ग झालेल्या माशांच्या रक्तपेशींतून विषाणूचे कण शुद्ध केले, ते निरोगी सॅमनला टोचले, आणि हृदयातली ती ओळखीची सूज दिसली. हे झालं २०१७ मध्ये. म्हणजे रोग दिसल्यापासून कारण सिद्ध होईपर्यंत अठरा वर्षं. त्यानंतरही प्रश्न उरलाच: कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा याच विषाणूचा प्रकार प्रयोगात टोचला तर नॉर्वेतल्या प्रकाराइतका तीव्र आजार होत नाही. टेस्ट दोघांनाही ‘पॉझिटिव्ह’च म्हणते.

सॅमनच्या संसर्गजन्य रक्तक्षयाचंही तसंच. नॉर्वेत १९८४ मध्ये पहिल्यांदा दिसलेला, २००७ पासून चिलीतल्या सॅमन-उद्योगाचं कंबरडं मोडणारा हा विषाणू इन्फ्लुएन्झाच्या कुळातला आहे. त्याचा एक प्रकार कल्ल्यांत शांतपणे राहतो, काही करत नाही. पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाच्या जनुकातला छोटा तुकडा गळला की तोच घातक होऊ शकतो. आता एखाद्या फार्मवर शांत प्रकार सापडला तर काय करायचं? सगळे मासे काढून टाकायचे की लक्ष ठेवून थांबायचं? हा तुकडा कधी आणि का गळतो यावर ते अवलंबून आहे.

आणि सिक्वेन्सिंगवरही आंधळा विश्वास नको. तिलापियातला टीआयएलव्ही विषाणू २०१४ मध्ये इस्रायलमधून जगासमोर आला. त्याच्या जनुकसंचाचे दहा तुकडे आहेत. त्यातल्या फक्त एकाचं इन्फ्लुएन्झाशी पुसटसं साम्य निघालं, बाकीचे नऊ तेव्हाच्या माहितीत कशाशीच जुळत नव्हते. डेटाबेसमध्ये ‘ओळखीचं काय आहे’ एवढंच विचारलं असतं तर हा बाजूने निघून गेला असता. तो पेशींत वाढवता आला म्हणून धरला गेला.

विषाणूंचं पुरे. या सगळ्या क्षेत्रातलं माझं आवडतं संशोधन परजीवीचं आहे. ट्राउटची पिल्लं स्वतःच्या शेपटीमागे गोल गोल फिरतात, शेपूट काळी पडते, डोकं वेडंवाकडं होतं. मिक्सोबोलस सेरेब्रालिस हा परजीवी त्यांची कूर्चा खात असतो. जर्मनीत १८९० च्या दशकापासून हा रोग माहीत होता. मेलेल्या माशाच्या डोक्यात परजीवीचे बीजाणू ढिगाने मिळायचे. सरळ गोष्ट वाटते: ते बीजाणू निरोगी पिल्लांना खाऊ घाला, रोग होईल. होत नव्हता. वर्षानुवर्षं लोकांनी करून बघितलं. बीजाणू गाळात मुरत ठेवले की मात्र कधीकधी रोग व्हायचा, त्यामुळे ‘बीजाणू पिकायला वेळ लागतो’ असा समज झाला.

अमेरिकेतले केन वुल्फ आणि मारिया मार्किव यांनी गाळातच शोधायचं ठरवलं. गाळात राहणारा ट्युबिफेक्स नावाचा बारीक, लालसर किडा ते बीजाणू खातो. त्याच्या आतड्यात परजीवी पूर्ण रूप पालटतो आणि बाहेर पडतो तो तीन लांब काटे असलेल्या, नांगरासारख्या तरंगत्या रूपात. ते रूप माशाच्या कातडीला चिकटतं आणि आत शिरतं. गंमत अशी की ते नांगरासारखं रूप शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होतं, पण एक वेगळाच जीव म्हणून. त्याच्यासाठी वर्गीकरणात स्वतंत्र वर्ग केलेला होता. १९८४ मध्ये या दोघांनी लिहिलं की हे दोन वेगळे वर्ग नाहीत, एकाच जीवाची दोन रूपं आहेत. बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. मग इतरांनी दुसऱ्या जातींत तेच दाखवलं आणि तो अख्खा वर्ग पुस्तकांतून पुसला गेला. मातीच्या तळ्याऐवजी काँक्रीटच्या हौदात पिल्लं वाढवली की रोग कमी का होतो, याचाही उलगडा झाला: गाळ नाही, किडा नाही.

हे सगळं सिद्ध करायचं ते टाक्यांमध्ये. आमच्या भाषेत चॅलेंज ट्रायल, म्हणजे मुद्दाम संसर्ग घडवून बघणं. ऐकायला सरळ, करायला नाही. जंतू पोटात टोचला तर डोस नेमका राहतो, पण मग कातडी, कल्ले आणि चिकट थर ही माशाची पहिली तटबंदी आपणच ओलांडून दिलेली असते. पाण्यात मिसळला तर वास्तवाच्या जवळ जातो, पण प्रत्येक माशाला किती मिळाला ते कळत नाही. म्हणून बऱ्याचदा काही मासे टोचून टाकीत सोडतात आणि त्यांच्या सोबत राहणाऱ्या, न टोचलेल्या माशांना काय होतं ते बघतात. लस तपासायची असेल तर जो आकडा सगळे वापरतात तो म्हणजे आरपीएस: लस दिलेल्यांतली मरतूक भागिले लस न दिलेल्यांतली मरतूक, ते एकातून वजा, गुणिले शंभर. लस न दिलेल्यांतले ६० टक्के मेले आणि लस दिलेल्यांतले १२ टक्के, तर आरपीएस ८०. पण लस न दिलेले जेमतेम १० टक्केच मेले असतील तर याच आकड्याला काडीची किंमत नाही, आणि असे पेपर छापून येतात.

त्याहून मोठी खोट म्हणजे टाकीची. एका टाकीत पन्नास मासे आहेत म्हणजे पन्नास स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. पाणी एक, एकाला लागलं की शेजाऱ्याला लागणार. लस दिलेले सगळे एका टाकीत आणि न दिलेले दुसऱ्या टाकीत ठेवले तर फरक लसीचा की टाकीतल्या पंपाचा, हे कोणत्याही गणिताने सांगता येत नाही. संख्याशास्त्राच्या दृष्टीने तुमच्याकडे दोनच निरीक्षणं असतात. एखादा पेपर हातात आला की मी सारांश वाचण्याआधी टाक्या किती होत्या ते शोधतो. वेळेची बरीच बचत होते त्यामुळे.

तापमान हे या क्षेत्रातलं वेगळंच प्रकरण. माशाचं अंग पाण्याइतकंच गरम किंवा थंड, त्यामुळे प्रतिकारशक्ती पाण्याच्या तापमानावर चालते. लस दिल्यावर किती थांबायचं हे आम्ही दिवसांत मोजत नाही, अंश-दिवसांत मोजतो: १० अंशांच्या पाण्यात ५० दिवस म्हणजे ५०० अंश-दिवस. कोई कार्पचा नागीण कुळातला विषाणू साधारण १८ ते २८ अंशांदरम्यानच जोर करतो. आणि मासा तापही आणू शकतो, आपल्यासारखा आतून नाही तर पोहून. बेल्जियममधल्या गटाने २०१७ मध्ये वेगवेगळ्या तापमानाचे कप्पे जोडलेल्या टाकीत हा संसर्ग झालेले कार्प ठेवले. मासे आपणहून उबदार कप्प्यात गेले आणि त्यामुळे वाचले. विषाणूची खेळी तर पुढेच आहे. त्याच्याकडे एक जनुक आहे, ज्याचं प्रथिन माशाच्या शरीरातला धोक्याचा संदेश वाटेतच पकडतं. त्यामुळे माशाला उबेकडे जायची हुक्की उशिरा येते, आणि तोवर विषाणूची पैदास होऊन जाते. आता विचार करा, ज्या फार्मवर सगळं पाणी एकाच तापमानाचं आहे तिथे माशाचा हा उपायच आपण काढून घेतलेला असतो.

कारण नीट कळलं की उपाय किती दूर जातो, तेही सांगतो. नॉर्वेत १९८७ मध्ये मत्स्यशेतीत सुमारे ५० टन अँटिबायोटिक वापरलं गेलं. फुरुंक्युलोसिससारख्या जिवाणूजन्य रोगांवर तेलात मिसळलेल्या, टोचून द्यायच्या लसी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आल्या आणि वापर कोसळला. आज तिथे सॅमन दहा लाख टनांहून जास्त होतो आणि अँटिबायोटिक वर्षाला एक टनापेक्षाही कमी लागतं. फुकट काहीच नाही: तेलामुळे पोटातले अवयव एकमेकांना चिकटतात, आणि लस म्हणजे प्रत्येक पिल्लाला भूल देऊन सुई. विषाणूंच्या लसींना मात्र इतकं यश क्वचितच मिळालंय.

तिथे आनुवंशिकता कामी येते. आयपीएन हा स्वादुपिंड नासवणारा विषाणू सॅमनच्या पिल्लांचा काळ होता. २००८ आणि २००९ मध्ये स्कॉटलंड आणि नॉर्वेतल्या गटांनी दाखवलं की प्रतिकारातला बहुतेक फरक गुणसूत्रावरच्या एकाच जागेमुळे पडतो. पुढे २०१५ मध्ये तिथलं जनुक सापडलं, ई-कॅडहेरिन, पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचं. पैदाशीचे मासे या खुणेवरून निवडायला लागल्यावर नॉर्वेतले प्रादुर्भाव वर्षाला दोनशेहून जास्त होते ते काही वर्षांतच पन्नासच्या आत आले. इतकं स्वच्छ यश या विषयात दुसरं मला आठवत नाही. आणि आता त्या ‘प्रतिकारक’ माशांनाही पाडणारे विषाणूचे नवे प्रकार दिसू लागलेत, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याची सोय झाली.

तर तुमच्या निर्णयाबद्दल. विषय घ्या, पण गाईडला आधी दोन गोष्टी विचारा. संसर्गाच्या प्रयोगांसाठी स्वतःची वेट लॅब (जिवंत माशांच्या टाक्यांची प्रयोगशाळा) आहे का, किती टाक्या, आणि बाहेर जाणारं पाणी निर्जंतुक करायची सोय चालू स्थितीत आहे का. आणि हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे अवयवांच्या रंगवलेल्या कापांच्या, स्लाइड वाचणारं कोणी जवळ आहे का. या दोन्हींचं उत्तर ‘बाहेरून करून घेऊ’ असं असेल तर तुमची तीन-चार वर्षं नमुने गोळा करून पीसीआर लावण्यात आणि ‘अमुक विषाणूची प्रथमच नोंद’ असे पेपर लिहिण्यात जातील, आणि मग सोबतचे म्हणतात तेच खरं ठरेल. मायक्रोबायोलॉजीचा पाया पुरेसा आहे. त्यावर संख्याशास्त्र शिका, विशेषतः टाकी हे एकक धरून प्रयोग कसा आखायचा ते. आणि रुजू होण्याआधी एखाद्या फार्मवर जाऊन जिवंत आजारी मासा जाळीने पकडून बघा. तो वाटतो तितका सुस्त नसतो.